फ्रेम ८४११ ते ८४७१

१२ एप्रिल २०२५, उमरखेड

रीळ आज हातात आलं. पस्तीस मिलिमीटर, कृष्णधवल, साधारण हजार फूट, म्हणजे सोळा हजार फ्रेम, अकरा मिनिटं. डब्यावर खडूनं सातचा आकडा. सिनेमाचं नाव पहिल्या रिळात असतं आणि ते नाही, त्यामुळे नाव माहीत नाही. झाकण उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. आकुंचन दीड टक्का. फिल्म सडायला लागली आहे. हे थांबवता येत नाही, फक्त पूर्ण सडायच्या आत स्कॅन करता येतं.

रीळ उकंडामामांचं. बंद पडलेल्या टॉकीजमध्ये ते पस्तीस वर्षं ऑपरेटर होते. "बाकीचे डबे भंगारवाल्यानं नेले," म्हणाले. "बांगड्या होते म्हणे त्याच्या. हे एक म्या पलंगाखाली ठेवलं. याच्यात आपल्या इकडचा डोंगर दिसते."

श्रेयसचा पुण्याहून फोन. आम्ही फिल्म जतनाचं शिक्षण एकत्र घेतलं. जूनमध्ये त्याचा महोत्सव आहे: पन्नासच्या दशकातल्या हलक्याफुलक्या प्रेमपटांत कोण दिसतं, कसं दिसतं आणि कोण दिसतच नाही. "तुझ्या रिळात बंजारा तांड्यातलं गाणं आहे म्हणजे मला हवं तेच आहे," म्हणाला. क्लिप तीस तारखेपर्यंत हवी. स्वच्छ हवी, हे तीनदा सांगितलं.

मुंबईची लॅब सोडून मला सव्वा वर्ष झालं. आईच्या आजारपणासाठी आले होते. ती गेल्यावर परत गेले नाही. काम इथूनही होतं.

१५ एप्रिल

एसटीनं फुलसावंगी, तिथून ऑटोनं तांड्यावर. गाण्याचं शूटिंग १९५८ साली याच तांड्याजवळ झालं, असं उकंडामामांनी सांगितलं होतं. ते पाहिलेल्यांपैकी एकच बाई हयात आहे, भुरीबाई. वय पंच्याहत्तर. नात निकिता ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. तिनं नेलं.

"तू पिक्चरवाली काय?"

"मी जुने पिक्चर दुरुस्त करते, आजी."

"मंग आधी माही बहीण दाखव. दुरुस्ती मंग कर."

बहीण म्हणजे सुखीबाई, गाण्यातल्या बायांपैकी एक. तेव्हा सतरा वर्षांची. शूटिंगनंतर दोन वर्षांनी सासरी बाळंतपणात गेली. फोटो एकही नाही. भुरीबाई तेव्हा आठ वर्षांच्या, कॅमेऱ्याच्या मागं उभ्या होत्या.

"मले तिचे डोळे आठवते," त्या म्हणाल्या. "नाक आठवते. पण सारं एका जागी येत नाही आता."

त्यांना काचबिंदू आहे. कडेचं दिसणं गेलंय, मधलं थोडं उरलंय. "बांगडीतून पाह्यल्यावानी दिसते. आधी मोठ्या बाईची बांगडी होती, आता लेकराची झाली." यवतमाळच्या डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत सांगितली आहे, तीही नक्की नाही.

नोंदीसाठी वर्णन: फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी, तिच्यावर आरशांचं काम, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. हनुवटीवर हिरवट गोंदण, पाच ठिपके, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. बोलताना हलतात.

गाण्यात मागच्या ओळीतल्या बाया खळखळून हसतात, असं उकंडामामा म्हणाले होते. मी कारण विचारलं. भुरीबाई आधी स्वतःच हसल्या. "अवं, त्या हिरोइनीनं केसात टोपली घातली, तो चांदीचा दागिना. आमच्यात टोपली लग्न झालेली बाई घालते. अन् गाण्यात ती कुवारी, नवरा धुंडून राह्यली. बाया हासतीन नाही तं काय करतीन?"

"मग कोणी सांगितलं नाही त्यांना?"

"विचारलं कोणं?"

निघताना निकितानं फाटकाशी सांगितलं, "तुमी येनार म्हून आजीनं दोन दिवसांपासून डोळ्यात ड्रॉप टाकले. नाही तं हात लावू देत नाही."

१९ एप्रिल

स्कॅनर म्हणजे जुन्या प्रोजेक्टरचं गेट, म्हणजे फिल्म सरकते ती खिडकी, खालून दिवा, वर कॅमेरा. आकुंचनामुळे दाते छिद्रांत बसत नाहीत, म्हणून दोन दाते घासून काढले. दर दोन सेकंदांना एक फ्रेम. वरच्या खोलीचं छत पत्र्याचं, तापमान एक्केचाळीस. पहाटे चार ते दहा काम, नंतर बंद.

बाबा एकदा वर येऊन गेले. म्हणाले, "तुझ्या आईला हा वास सहन झाला नसता." ते पाटबंधारे खात्यात होते. गरज नसताना बोलत नाहीत.

२२ एप्रिल

स्कॅन पूर्ण. सोळा हजार चौदा फ्रेम. फिल्म दोन ठिकाणी तुटली, जोडली.

कथा या रिळापुरती अशी. शहरातली श्रीमंत नायिका नायकाची परीक्षा घ्यायला तांड्यात लपते. तिचा चेहरा काळपट रंगवला आहे. फ्रेम १९८७ मध्ये तो रंग मानेपाशी संपलेला दिसतो. ती तोडकंमोडकं काहीतरी बोलते आणि त्याला बंजारा बोली समजायचं. नायक येतो. घुंगट घेतलेल्या बारा बाया ओळीत उभ्या. तो गाणं म्हणत एकीचा घुंगट वर करतो, तर आत खरीच तांड्यातली बाई. ढोलकीचा आवाज, तो घाबरून मागे पडतो. विनोद हा, की खरी बाई निघाली.

तो चेहरा फ्रेम ८४११ पासून ८४७१ पर्यंत आहे. एकसष्ट फ्रेम, अडीच सेकंद. तांड्यातल्या बाईचा जवळून दिसणारा चेहरा हा एकच, म्हणून ही सुखीबाई असावी. बाई कॅमेऱ्याकडे सरळ पाहते. नोंद: क्लोजअपमध्ये फिल्म फार थरथरते, हनुवटीच्या भागात काळे कण, धूळ बरीच.

अडचण अशी की मूळ फाइल्स चारशे ऐंशी जीबी आणि डिस्क पाचशेची. मागवलेली दुसरी डिस्क नागपुरात अडकली आहे. कुरिअरवाला रोज उद्या म्हणतो.

२४ एप्रिल

डिस्क आली नाही. आठवडा उरला. आज ठरवलं: हजार-हजार फ्रेमचे गट करायचे, गट स्वच्छ करायचा, तपासायचा, त्या गटाच्या मूळ फाइल्स पुसायच्या, पुढचा गट घ्यायचा.

मूळ पुसायचं नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. रीळ हातात आहे, गरज पडली तर पुन्हा स्कॅन करता येईल, असा हिशेब केला. तपासणी दर शंभराव्या फ्रेमची.

फ्रेम ३२०० वर एक गोष्ट पकडली. सॉफ्टवेअर पांढरे ठिपके धूळ समजून काढतं, त्यात मागच्या बायांच्या कांचळीवरचे आरसे जात होते. नायिकेचे राहत होते, कारण तिचे आरसे कापडावर छापलेले आहेत, चमकत नाहीत. पांढऱ्याची मर्यादा बदलली, गट पुन्हा चालवला, आरसे परत आले. वेळेवर लक्षात आलं. काळ्याची मर्यादा बरोबर आहे.

२६ एप्रिल

आईचं वर्षश्राद्ध. काका-काकू, शेजारी, गुरुजी. खालपर्यंत वास येत होता. बाबांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा स्कॅन करावं म्हणून रीळ काल धुतलं होतं, वाळायला दोरीवर सोडलं होतं. घाईत गुंडाळून डब्यात घातलं, झाकणाला टेप लावली, वरच्या खोलीत ठेवलं.

आईचा फोटो मी मोठा करून दिला. साध्या मोबाइलवरचा होता. नाकावरची चष्म्याची खूण, गालावरचा तेल उडाल्याचा डाग, डोळ्यांखालचं काळं, सगळं काढलं. चौकट चांगली आली आहे. बाबांनी बराच वेळ पाहिला, "छान झालाय" म्हणाले आणि कपाटाला टेकवून ठेवला. पूजेला पासबुकावरचा जुना छोटा फोटो मांडला. भिंतीवर का लावला नाही विचारलं, तर खिळा मिळत नाही म्हणाले. घरात खिळ्यांचा डबा भरलेला आहे.

२८ एप्रिल

क्लिप पाठवली. श्रेयसचा अर्ध्या तासात फोन. "कमाल केलीस. तो क्लोजअप तर काल काढल्यासारखा वाटतो. पोस्टरला तोच घेतो."

"तिचं नाव सुखीबाई असावं. बहिणीला दाखवून पक्कं करते."

"कर ना. पण छापायला उद्या जातंय. सध्या 'अनामिक बंजारा स्त्री' टाकतो. चालेल?"

चालेल म्हटलं.

२ मे

तांड्यावर. भुरीबाई नवी फेटिया नेसून बसल्या होत्या. दारं लावून अंधार केला. लॅपटॉप मांडीवर धरून इंच इंच सरकवत गेले, चेहरा त्यांच्या बांगडीत येईपर्यंत. आला तेव्हा त्यांनी हात वर केला. चित्र थांबवलं.

बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग निकिताला म्हणाल्या, "ई मारी भेन कोनी."

निकिता माझ्याकडे बघेना. "आजी म्हनते, ही तिची बहीण नाही."

"नाक सुखीवानी आहे," भुरीबाई मला म्हणाल्या. "पण ही कोरी आहे. आमच्या तांड्यात कोरी बाई नव्हती त्या टायमाले. दुसरीच आणली त्यायनं. सुखीले काढून टाकलं." मग म्हणाल्या, "बरं झालं, माहीत तरी पडलं."

सदुसष्ट वर्षं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या की माझी बहीण पिक्चरमध्ये आहे.

नजर इतकी कमी झाल्यावर ओळख भरवशाची नसते, असं मी बसमध्ये वहीत लिहिलं. कोरी म्हणजे काय, ते विचारलं नाही.

३ मे

पहाटे पाचला ८४४० उघडली. हनुवटी गुळगुळीत आहे. माणसाची हनुवटी इतकी गुळगुळीत नसते.

सॉफ्टवेअरची नोंदवही पाहिली. एकसष्ट फ्रेम, प्रत्येकीत चेहऱ्याच्या भागात सहा दुरुस्त्या. जागा नोंदत नाही, संख्या नोंदतं. गोंदणाचे पाच ठिपके आणि एक धुळीचा कण.

८४०० तपासली होती. ८५०० तपासली होती. चेहरा दोन्हींच्या मध्ये आहे. आणि त्याच्या दोन दिवस आधी पूर्ण चेहरा पाहून 'धूळ बरीच' असं मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्याच्या आधी आठवडाभर भुरीबाईंसमोर बसून त्यांचे ठिपके मोजले होते.

मूळ फाइल्स नाहीत. रीळ आहे.

३ मे, दुपार

रीळ नाही. टेप काढली. चित्राचा जिलेटिनचा थर ओलसर, बंद डबा, आठ दिवस पत्र्याखाली. सगळे वेढे एकमेकांना चिकटले आहेत. लाकडाच्या चाकासारखा एकच ठोकळा.

५ मे

पुसलेल्या फाइल्स परत आणायचा प्रयत्न. त्या जागेवर नव्या फाइल्स लिहिल्या गेल्या आहेत. चौदा तास चालवलं. सातशे तुकडे मिळाले, सगळे गाण्याच्या शेवटचे. डोंगर आहे, झाडं आहेत.

६ मे

ठोकळा दमट डब्यात ठेवला. बाहेरचा एक वेढा सुटला, त्यावरचा थर खालच्या वेढ्यावर राहिला. हातात पारदर्शक पट्टी.

८ मे

नऊ वेढे. नऊही कोरे. हवा तो भाग मधोमध आहे. तिथं पोचायला अजून दीडशे.

बाबांनी ताट वर आणून ठेवलं. खाली नेताना तसंच होतं.

९ मे

थांबवलं. सुटत नाही, फक्त नष्ट होतंय.

११ मे

उकंडामामांकडे गेले. खरं ते सांगितलं. दुसऱ्या गावी ही कॉपी गेली असेल का, तुटलेला एखादा तुकडा कुणी ठेवला असेल का, विचारलं.

ते ओट्यावर बसून होते. "नाही पोरी. तुकडे आम्ही हिरोइनीचे ठेवत होतो. तिचे कोण ठेवन?"

मला वाईट वाटेल म्हणून मग त्यांनी चहा ठेवला. "तुया मायचं दुखणं चालू असतानी तू आल्तीस एकदा माह्याकडे," म्हणाले. "तवाबी अशीच बसल्ती, पाठ ताठ करून. रडत जा व कधीमधी. मशीनलेबी तेल लागते."

मी आले होते, हे मला आठवत नाही.

१४ मे

निकितानं फोनवर सांगितलं, आजी आता दुपारीही दिवा लावलाय का विचारते. ड्रॉप बंद केले. कायले टाकू, म्हणते.

दिवाळी नाही. कदाचित हा महिनाही नाही.

एकच मार्ग दिसतो. पंधरा एप्रिलला मी भुरीबाईंचा फोटो काढला होता. दोघी बहिणींना एकाच दिवशी एकाच बाईनं गोंदलं, असं त्या दिवशी बोलण्यात आलं होतं. त्या फोटोवरून पाच ठिपक्यांची अंतरं मोजायची, हनुवटीच्या प्रमाणात बसवायची, फ्रेममागून फ्रेम हातानं काढायचे.

आमच्या कामात याला बनावट म्हणतात. आज एक फ्रेम केली, ८४४०.

१७ मे

तांड्यावर. दार लावलं. लॅपटॉप सरकवत गेले. या वेळी चेहरा सापडायला फार वेळ लागला.

भुरीबाईंनी पाहिलं. मग स्वतःच्या हनुवटीला हात लावला.

"ही तं मी आहे."

"आजी, तुम्ही तेव्हा आठ वर्षांच्या होता."

"मले माहीत आहे. गोंदण माहं आहे पण."

मग मी सांगितलं. धूळ म्हणजे काय, सॉफ्टवेअर काय करतं, दर शंभरावी फ्रेम, पत्र्याची खोली. जितकं सोपं करता येईल तितकं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "पुसलं कोणं?"

"मी."

"अन् हे कोणं काढलं?"

"तेही मीच. तुमच्यावरून."

निकिता उठून चुलीकडे गेली. भुरीबाई रागावल्या असत्या तर मला बरं झालं असतं.

"सुखीले गोंदतानी मी समोर बसल्ती," त्या म्हणाल्या. "मले डोळे वटारून दाखवत होती, रडू नोको म्हणून. म्या तोंड वाकडं करून दाखवलं तं तिले हसू फुटलं. गोंदणारीचा हात सुटला. एक ठिपका जास्तीचा, भलत्याच जागी बसला. यादीनं मले झोडलं."

यादी नाही, याडी. म्हणजे आई. निकितानं चुलीपासून दुरुस्त केलं आणि मी वहीत खोडून लिहिलं.

"कुठे बसला, आजी?"

त्यांनी माझं बोट धरलं आणि स्वतःच्या ओठाखाली डाव्या बाजूला टेकवलं. तिथं त्यांना काही नाही, साधी सुरकुती आहे. मी तिथंच बसून ८४४० मध्ये सहावा ठिपका दिला.

"अजून खाली. हासली का वर जाये तो."

खाली घेतला. लॅपटॉप पुन्हा बांगडीत आणला. त्या पुढं झुकल्या. त्यांचा श्वास पडद्यावर येत होता.

"आली," म्हणाल्या.

दर फ्रेमला सहा दुरुस्त्या. धुळीचा एकही कण नव्हता.

"हे एकच आहे, आजी. अजून साठ करायच्या आहेत, मग ती हलेल."

"मंग बसली काहून? जाय घरी. कर लवकर."

२१ मे

एकसष्ट झाल्या. चार दिवस, रोज पंधरा. मान वळते तशी अंतरं बदलतात, ओठ ताणला की सहावा वर सरकतो. त्या हसणाऱ्या बाया आणि घाबरणारा नायक यांच्यामध्ये ती ज्या भावानं पाहते, तो आता कळतो. ती हसू दाबते आहे. घाबरलेली नाही. नायिकेच्या टोपलीकडे पाहून आली असावी.

श्रेयसला नवी फाइल पाठवली, सोबत नोंद: 'या एकसष्ट फ्रेममधलं गोंदण मूळ नाही. स्वच्छ करताना मी ते पुसलं. बहीण भुरीबाई यांच्या आठवणीवरून पुन्हा काढलं आहे. बाईचं नाव सुखीबाई धावजी आडे.'

तो म्हणाला, "नोंद कशाला टाकतेस? कुणाला कळणार आहे? आणि तुझं नाव खराब होईल."

नोंदीशिवाय फाइल वापरता येणार नाही, असं सांगितलं. तो विचार करतो म्हणाला. पोस्टर छापून झालंय. त्यावर ती कोरीच आहे.

२२ मे

दाखवलं. अडीच सेकंद. संपलं की पुन्हा, संपलं की पुन्हा. घुंगट वर जातो, ती पाहते, ठिपका वर सरकतो. मी मोजत होते, छत्तीसनंतर मोजणं सोडलं. निकिता आधी उभी होती, मग खाली बसली.

शेवटी भुरीबाईंनी डोळे मिटले. मी चित्र चालूच ठेवलं. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "आता बंद केलं तरी चालते."

परतीच्या एसटीत बसायला जागा होती. वही काढली नाही.

घरी बाबा ओसरीत पेपर वाचत होते. आईची चौकट अजून कपाटाला टेकलेली. मी फाइल शोधली. मूळ फोटोवरच सेव्ह केली होती. तो मोबाइल गेल्या दिवाळीत एक्स्चेंजमध्ये दिला. पासबुकावरच्या फोटोत डाग दिसण्याइतकं काही नाही, तो डाग पडायच्या आधीचा आहे. मी डोळे मिटून पाहिलं. चष्मा आठवला. नाक आठवलं.

"बाबा, आईच्या गालावरचा डाग कोणत्या बाजूला होता?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. हात स्वतःच्या डाव्या गालाकडे गेला, मग उजव्या, मग मांडीवर आला. मला वाटलं त्यांनाही नाही सांगता येणार. मग ते जेवायच्या टेबलाशी गेले, स्वतःच्या जागेवर बसले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"माझ्या उजव्या हाताला यायचा," म्हणाले.

म्हणजे तिच्या डाव्या गालावर. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, किती खाली.